वर्गात दाखवायचे व्हिडिओ: शोधता कसे, ठेवता कुठे, पुढे पाठवता कसे?

मधली सुट्टी | १२ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज धागा काढायची वेळ आली.

मी अकोले तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. शाळेत टीव्ही आहे, लोकवर्गणीतून आलेला. रेंज मात्र मागच्या चिंचेखालीच मिळते.

परवा सातवीच्या भूगोलातला ‘ऋतुनिर्मिती’चा पहिला भाग घ्यायचा होता. माझ्या मोबाइलवर चौदा ग्रुप आहेत. केंद्राचा, तालुक्याचा, विषयाचा, डी.एड.च्या बॅचचा, आणि दोन कशाचे ते आता अ‍ॅडमिनलाही सांगता येणार नाही. त्यातल्या पाच ग्रुपवर एकच व्हिडिओ फिरत होता. ‘सातवी भूगोल पाठ १, अप्रतिम, नक्की दाखवा.’ खाली अंगठ्यांची रांग. मीही अंगठा दिला होता आणि दोन ठिकाणी पुढे ढकलला होता. पाहिला नव्हता, खोटं कशाला बोलू.

वर्गात लावला. चकचकीत पृथ्वी फिरतेय, मागे संगीत, आणि निवेदिका सांगतेय की पृथ्वी सूर्याच्या जवळ आली की उन्हाळा आणि लांब गेली की हिवाळा.

मी बंद करायच्या आत मागच्या बाकावरचा एक जण उठला. हा पोरगा मेलबर्नची बॉक्सिंग डे कसोटी बघायला पहाटे पाचला उठतो. म्हणाला, “बाई, डिसेंबरात आपण स्वेटर घालतो तेव्हा तिकडचे लोक टोप्या घालून उन्हात बसलेले असतात. पृथ्वी एकच आहे ना? मग ती निम्मीच जवळ गेली का?”

पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. सर्वांत लांब जुलैच्या पहिल्या आठवड्यात, १५ कोटी २१ लाखांवर. म्हणजे आपल्या थंडीत ती जवळ असते. ऋतू होतात ते आस साडेतेवीस अंश कललेली आहे म्हणून. हे सगळं मला माहीत आहे, दर वर्षी शिकवते. टीव्ही बंद केला, ग्लोब आणि बॅटरी काढली, तास निभावला. पण डोक्यातून जात नाही. पाच ग्रुप, शेकडो शिक्षक, आणि कोणीच तीन मिनिटं बसून तो पाहिला नव्हता?

तर विचारायचंय असं: चांगले व्हिडिओ करणाऱ्यांवर लक्ष कसं ठेवता? सापडलेलं ठेवता कुठे? आणि दुसऱ्याला देता कसं?


शंकासुर | १२ जुलै, रात्री १०.०५

ग्लोब आणि बॅटरीवर तास निभावला ना? मग प्रश्न मिटला. टीव्ही विकून टाका आणि चार ग्लोब घ्या.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)


मधली सुट्टी | १२ जुलै, रात्री १०.२०

@शंकासुर, ग्लोबवर ऋतू दाखवता येतात हो. पण माझ्या वर्गातल्या सव्वीसपैकी एकवीस मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. पुढच्या महिन्यात भरती-ओहोटी आहे. बादली हलवून दाखवू?


तंत्रस्नेही (जबरदस्तीने) | १२ जुलै, रात्री ११.१०

बाई, पहिली गोष्ट, ग्रुप हा व्हिडिओ शोधायचा मार्गच नव्हे. तिथे येतं ते वाहत येतं. आपण व्हिडिओच्या मागे न जाता तो करणाऱ्याच्या मागे जायचं.

माझी पद्धत जुनाट आहे पण आठ-नऊ वर्षं टिकली आहे. यूट्यूबच्या प्रत्येक चॅनेलला एक फीड असते, म्हणजे नव्या व्हिडिओंची आपोआप बनणारी यादी. ही यादी वाचायला फीड-वाचक लागतो. पूर्वी गूगल रीडर होता, तो जुलै २०१३ मध्ये बंद झाला तेव्हा मी खरंच हळहळलो होतो. आता फीडली किंवा इनोरीडर वापरा, दोन्हींची फुकटातली सोय शिक्षकाला पुरते. चॅनेलचा पत्ता त्यात चिकटवला की काम झालं. मी विषयवार कप्पे केलेत. भूगोलात सहा चॅनेल, विज्ञानात नऊ, मराठीत दोन (दोनच!).

सबस्क्राइब करून घंटी दाबली तरी नवा व्हिडिओ कळतो, मग हा खटाटोप कशाला, असं कोणीतरी विचारणारच. घंटी वाजली की मोबाइल उघडतो, आणि मोबाइल उघडला की अर्धा तास भलतीकडेच जातो. फीड-वाचकात फक्त नावं दिसतात, शेजारी दुसरं काही खुणावत नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की अर्धा तास बसतो, नावं चाळतो, दोन-तीन उघडतो, बाकी सोडून देतो. एक लक्षात ठेवा, चॅनेलच्या फीडमध्ये शेवटचे पंधराच व्हिडिओ असतात. रोज ढीगभर टाकणारा चॅनेल असेल तर आठवड्यात मधले निसटतात. पण रोज ढीगभर टाकणाऱ्याच्या मागे मी तसाही जात नाही.


भिंगरी | १३ जुलै, सकाळी ६.५०

फीडचं वाचून दंडवत घातला. वाचनखूण साठवली आहे.

मला वेगळीच अडचण. आमच्या शाळेत चिंचही नाही, त्यामुळे सगळं पेन ड्राइव्हवर. नव्याने करणाऱ्यांसाठी ठेचा खाऊन शिकलेल्या दोन गोष्टी. फाइलचं नाव देवनागरीत दिलं तर आमच्या टीव्हीवर नुसते चौकोन दिसतात, आणि वीस चौकोनांतून आपला चौकोन शोधेपर्यंत पोरं छतावरची पाल मोजून मोकळी होतात. म्हणून इंग्रजी आकड्यांत इयत्ता, विषय, पाठ. दुसरी गोष्ट, ग्रुपवरून आलेला व्हिडिओ मोठ्या पडद्यावर कुटलेल्या पोह्यांसारखा दिसतो, कारण व्हॉट्सअ‍ॅप तो पाठवताना दाबून लहान करतं. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो. नकाशातली अक्षरं वाचता यायला हवी असतील तर एवढं कराच.


गोंयकार मास्तर | १३ जुलै, सकाळी ८.१५

डिचोलीहून. आमची पुस्तकं वेगळी, पण दुखणं तेच.

मी दर पाठाची एक प्लेलिस्ट करतो. ‘अनलिस्टेड’ ठेवतो, म्हणजे ज्याच्याकडे दुवा त्यालाच दिसते, शोधात येत नाही. एका पाठाला तीनच्या वर व्हिडिओ घालायचे नाहीत असा दंडक मीच मला घातलाय. नाहीतर प्लेलिस्ट म्हणजे माळा होतो, सगळं टाकायचं आणि काहीच काढायचं नाही.

पण प्लेलिस्टवर विसंबू नका. गेल्या वर्षी जूनमध्ये उघडली तर अकरापैकी चार जागी ‘व्हिडिओ उपलब्ध नाही’. मालकाने काढून टाकला किंवा खाजगी केला की नावसुद्धा पुसलं जातं. काय होतं तेच आठवेना, तर दुसरीकडे शोधणार काय? तेव्हापासून नाव, चॅनेल आणि लांबी एका वहीत लिहितो. होय, कागदाच्या वहीत.


सांताक्लाराची मावशी | १३ जुलै, सकाळी ९.३०

इकडे शनिवार संध्याकाळ संपलेली, उद्या मराठी शाळा, म्हणून जागी आहे. मी कॅलिफोर्नियात रविवारच्या मराठी शाळेत लहान गटाला शिकवते, पोटापाण्याचं काम वेगळं.

गोंयकार सरांच्या प्लेलिस्टवरून आठवलं. जानेवारी २०२० मध्ये यूट्यूबने ‘मुलांसाठी बनवलेले’ व्हिडिओ वेगळे काढले. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये मुलांच्या खाजगी माहितीच्या कायद्यावरून गूगल आणि यूट्यूबने इथल्या फेडरल ट्रेड कमिशनशी १७ कोटी डॉलरची तडजोड केली होती, त्याचा हा परिणाम. त्या व्हिडिओंखालच्या प्रतिक्रिया बंद झाल्या, आवडीनुसार जाहिराती बंद झाल्या आणि तेव्हा प्लेलिस्टमध्ये साठवायची सोयही गेली. पहिला उद्देश चांगलाच होता. पण आम्हा बालगटवाल्यांची पंचाईत झाली. अंकगाणी, बाराखडी, गोष्टी, सगळं त्याच खणात. तेव्हापासून आमच्या बारा शिक्षिकांची एक सामायिक स्प्रेडशीट आहे. दुवा, वयोगट, आणि ‘उच्चार’ असा रकाना. त्या रकान्यावर आमची सर्वांत जास्त भांडणं होतात. ‘ळ’ला ‘ल’ म्हणणारा एक भलता लोकप्रिय व्हिडिओ आम्ही कटाक्षाने बाहेर ठेवलाय. इकडच्या मुलांना ‘ळ’ ऐकायला मिळतो तो आमच्याकडून आणि आजीकडून, तिसरं ठिकाण नाही.


शंकासुर | १३ जुलै, सकाळी १०.००

इकडच्या मुलांना तरी कुठे मिळतोय.


एक पालक | १३ जुलै, दुपारी १.१५

शिक्षक नाही, पण तुमच्या व्हिडिओंच्या शेवटच्या टोकाला मी बसलोय म्हणून लिहितो.

घरात मोबाइल दोन, मुलं दोन, रोजचा डेटा दीड जीबी. संध्याकाळी सातला वर्गाच्या ग्रुपवर दुवे पडायला लागतात. एकदा मोजले, नऊ. त्यातला एक सत्तेचाळीस मिनिटांचा. मुलगी पाचवीत आहे हो! आणि दुवा उघडून दिला की दहा मिनिटांनी ती तिथे नसते. शेजारच्या पट्टीतून कुठे गेली देव जाणे. रागावायचं कोणाला? दार मीच उघडून दिलं होतं.

करोनात शाळा बंद होत्या तेव्हा सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायचं, पहिली ते आठवीसाठी. ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता ती पोरंही शेजारी जाऊन बघायची. ठरलेली वेळ, कार्यक्रम संपला की संपला. त्यात चुकीचं दार नव्हतं.

बाईंना एवढंच सांगणं, पाठवायचा तर एक पाठवा. आणि मुलीने त्यात काय बघायचं ते एका ओळीत लिहा. नाहीतर आम्ही नुसते दुवे पोचवणारे पोस्टमन.


तंत्रस्नेही (जबरदस्तीने) | १३ जुलै, दुपारी २.४०

@एक पालक, सत्तेचाळीस मिनिटांचा दुवा पाठवणाऱ्याला माझ्याकडून दोन उठाबशा.

यावर सोपा उपाय आहे आणि तो फार कमी जण वापरतात. संगणकावर यूट्यूबचं ‘शेअर’ दाबलं की खाली ‘स्टार्ट अ‍ॅट’ अशी चौकट येते. त्यावर टिक केली की दुवा थेट त्या सेकंदापासून उघडतो. मोबाइलवर चौकट दिसली नाही तर दुव्याच्या शेवटी इंग्रजी लहान ‘टी’, बरोबरचं चिन्ह आणि सेकंद हाताने लिहा. त्याच्या आधी प्रश्नचिन्ह लागतं, आणि दुव्यात प्रश्नचिन्ह आधीच असेल तर त्याऐवजी ‘अँड’चं चिन्ह. कुठे थांबायचं ते मात्र दुव्यात सांगता येत नाही, ते शब्दांत लिहावं लागतं. वर्गात दाखवायचा असेल तर गूगल स्लाइड्समध्ये व्हिडिओ घाला. तिथे सुरुवात आणि शेवट दोन्ही ठरवता येतात.


पारिजात | १३ जुलै, संध्याकाळी ५.३०

निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी राहवत नाही म्हणून लिहिते.

पुण्यात बालचित्रवाणी होती, १९८४ साली सुरू झालेली, २०१७ मध्ये बंद झाली. दूरदर्शनवर तिचे शैक्षणिक कार्यक्रम लागायचे. आमच्या शाळेत एकच टीव्ही, मुख्याध्यापकांच्या खोलीत, लाकडी शटरच्या कपाटात. किल्ली त्यांच्या खिशात. कार्यक्रम कधी आहे ते आधी कळायचं, तो कागद मी वर्गाच्या दाराला लावून ठेवायचे. पुन्हा बघायची सोय नाही, थांबवायची सोय नाही. दिवे गेले तर गेला.

त्यामुळे झालं असं, की प्रत्येक कार्यक्रमाचं मी टाचण काढायचे. इतर तासांचं काढायचे तसंच. दाखवण्याआधी मुलांना काय विचारायचं, मुलं बघत असताना मी त्यांच्या तोंडाकडे कधी बघायचं, संपल्यावर काय करून घ्यायचं. एकदाच मिळणार म्हणून आम्ही वीस मिनिटांच्या कार्यक्रमाला तासभर तयारी करत होतो. आता हवा तेव्हा मिळतो, तर कोणी तीन मिनिटंही आधी बघत नाही.

मधल्या सुट्टीच्या बाई, तुमच्या ग्रुपवर दुवे फिरतात. टाचणं फिरवा की!


मधली सुट्टी | १३ जुलै, संध्याकाळी ६.१०

पारिजातबाई, हे वाचून मी चहा तसाच ठेवला आणि वही काढली.

असं केलं तर? दुवा एकटा पाठवायचाच नाही. सोबत चार ओळी हव्यातच.
कोणत्या इयत्तेचा कोणता पाठ.
कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंत.
मुलांना आधी कोणता प्रश्न विचारायचा.
चूक काय आहे किंवा काय खटकलं.

आणि ज्याने पूर्ण पाहिला त्यानेच पाठवायचा. मूळ गोम इथेच आहे असं मला वाटतं. चार ओळी लिहायच्या म्हटलं की पाहावाच लागतो. फुकटचा अंगठा बंद.


भिंगरी | १३ जुलै, संध्याकाळी ६.४५

अनुमोदन. चौथ्या ओळीला ‘आवाज’ही जोडा. मराठी म्हणून लावावा तर भलत्याच भाषेतल्या मजकुराचं यंत्राने वाचलेलं भाषांतर निघतं. ‘प्रकाशसंश्लेषण’ म्हणताना त्या यंत्राची बोबडी वळते.

मी अशा वेळी आवाज बंद करून स्वतः बोलते. आमच्या पोरांना आमचीच मराठी कळते.


कायदेकानू | १३ जुलै, रात्री ९.००

विषय निघालाच आहे तर जरा रुक्ष बोलतो.

आपल्या प्रताधिकार कायद्यात, म्हणजे १९५७ च्या, कलम ५२ मध्ये शिक्षणाला बरीच मोकळीक आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने एखाद्या कृतीची प्रत काढणं, आणि शाळेच्या कामाचा भाग म्हणून विद्यार्थी, शिक्षक, पालक एवढ्यांपुरता चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण दाखवणं, याला भंग मानत नाहीत. दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी खटल्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्याचा हा ओघ बराच रुंद धरला.

पण वर्गात दाखवणं वेगळं आणि कोणाचा तरी व्हिडिओ उतरवून आपल्या चॅनेलवर चढवणं वेगळं. ‘शैक्षणिक हेतूने’ अशी ओळ खाली लिहिली म्हणजे पाप धुतलं जात नाही. शिवाय पेन ड्राइव्हवाल्यांनो, कायदा काहीही म्हणो, यूट्यूबच्या अटींत बाहेरच्या साधनाने व्हिडिओ उतरवून घ्यायला मनाई आहे. अ‍ॅपमधलं डाउनलोड चालतं, पण तो व्हिडिओ अ‍ॅपमध्येच राहतो, टीव्हीच्या पेन ड्राइव्हवर जात नाही.

आणखी एक. वर्गातल्या मुलांचे चेहरे दिसतील असे व्हिडिओ बिनधास्त टाकले जातात. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा २०२३ चा कायदा अठराच्या आतल्या सगळ्यांना मूल मानतो आणि पालकांच्या संमतीची अट घालतो. कायदा राहू द्या, पण उद्या तेच पोर विशीत जाईल आणि त्याचं शेंबडं नाक अजून तिथेच असेल. चॅनेल चालवणाऱ्या गुरुजनांनी फळा दाखवावा, हात दाखवावेत.


भिंगरी | १३ जुलै, रात्री ९.२५

म्हणजे माझा पेन ड्राइव्ह गुन्हेगार? मग रेंज नसलेल्यांनी करायचं काय?


तंत्रस्नेही (जबरदस्तीने) | १३ जुलै, रात्री १०.३०

मालक स्वतः ‘घ्या’ म्हणतो तिथून घ्या. अशा जागा कमी नाहीत.

अरविंद गुप्ता. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत बसून टाकाऊतून खेळणी केली, त्यांच्या छोट्या फिल्म केल्या, मराठीतही आहेत, आणि सगळं संकेतस्थळावर मोकळं ठेवलं. २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या फिल्मची खरी मजा अशी, की बघून झाल्यावर मुलं टीव्हीकडे पाठ करून काडेपेटी शोधायला लागतात.

आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल. संगणक शिकवणारे, साधारण दहा मिनिटांचे, मराठी निवेदनासह, आणि मुळात इंटरनेट नसतानाही वापरता यावेत म्हणूनच केलेले.

फेट. हे व्हिडिओ नव्हेत, हाताने हलवायचे प्रयोग आहेत. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केले. बरेचसे मराठीत आहेत आणि उतरवून घेता येतात.

आणि दीक्षा, सरकारी शिक्षण-अ‍ॅप. तिथला मजकूर अ‍ॅपमध्ये उतरवून शाळेत नेता येतो. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड सगळ्यांना माहीत आहे (परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा याच कोडची चर्चा जगभर झाली). पण त्या कोडखाली सहा अक्षरांचा एक संकेत छापलेला असतो, त्याकडे कोणी बघत नाही. तो अ‍ॅपमध्ये टाइप केला की तेच पान उघडतं. कॅमेरा फुटलेला असेल, पुस्तक भिजलेलं असेल तरी चालतं. मी तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहितो. पालकांना दुवा पाठवायची गरज नाही, सहा अक्षरं फोनवर सांगता येतात.


एक पालक | १३ जुलै, रात्री १०.५०

सहा अक्षरांचं आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. आमच्या पुस्तकाचा कोड शाईखाली गेलाय, पण अक्षरं दिसतायत. चालू झालं!!


गोंयकार मास्तर | १४ जुलै, सकाळी ७.३०

अवांतर: बाई, भरती-ओहोटीसाठी परक्या बंदराचा व्हिडिओ नको. आमच्या मांडवीच्या काठी एक खांब आहे, त्याचा फोटो मी सकाळ-दुपार-संध्याकाळ काढून देतो. पाणी कुठवर चढलं ते खांबावर स्पष्ट दिसतं. वेळही लिहीन. अमावास्येला एकदा आणि अष्टमीला एकदा.


मधली सुट्टी | १४ जुलै, सकाळी ७.५५

सर, तुमच्या तोंडात साखर पडो. नक्की हवेत.


शंकासुर | १४ जुलै, सकाळी ९.१०

चार ओळींचा नियम तीन दिवस टिकेल. चौथ्या दिवशी ‘शुभ सकाळ’ आणि गुलाबाचं फूल.


मधली सुट्टी | ३ ऑगस्ट, रात्री ८.३०

धागा वर काढतेय, हिशेब द्यायला.

आमच्या केंद्रातल्या सहा जणांनी वेगळा छोटा ग्रुप केला. जुन्या ग्रुपवर नियम लावायच्या भानगडीत पडलो नाही, शंकासुरांचं म्हणणं तिथे खरं ठरलं असतं. नोंदी एका सामायिक स्प्रेडशीटमध्ये, दुवा मेला तरी नाव राहावं म्हणून. आज अडतीस नोंदी आहेत. त्यातल्या अकरा ‘वापरू नये’ अशा. आमच्या लक्षात आलं की सगळे आधी तोच रकाना उघडतात. मजा येते म्हणून असेल, पण वाचतात.

एका सरांनी चारपैकी दोनच ओळी लिहून दुवा टाकला. मी काही बोलले नाही. दुसऱ्याच सरांनी विचारलं, “मिनिटं?” बिचाऱ्यांनी परत पाहिला आणि अर्ध्या तासाने स्वतःच काढून टाकला. म्हणे शेवटी व्हिडिओ करणाऱ्याच्या क्लासची जाहिरात निघाली.

फीडचं दोघांनाच जमलं, मी आणि आमच्या नव्या बाई. बाकीचे चौघं आमच्या शनिवारच्या यादीवर जगतात. चालायचंच. पालकांच्या ग्रुपवर आता आठवड्याला एकच दुवा जातो, गुरुवारी, एका प्रश्नासकट. गेल्या गुरुवारचा प्रश्न होता, ‘पाणी चढलेलं दिसतं तेव्हा घड्याळात किती वाजलेत?’ गोंयकार सरांच्या खांबाचे फोटो होते. सव्वीसपैकी एकोणीस उत्तरं आली, त्यातली तीन आज्यांची.

आणि ऋतूंच्या त्या व्हिडिओची नोंद क्रमांक १ आहे. ‘सातवी, भूगोल, ऋतुनिर्मिती. १.१० ते २.००. आधी विचारा: आपल्याकडे थंडी असते तेव्हा ऑस्ट्रेलियात कसोटी कोणत्या ऋतूत खेळतात? चूक: अंतरामुळे ऋतू होतात असं सांगितलंय. मुद्दाम दाखवा आणि मुलांना चूक शोधू द्या.’ ‘वापरू नये’मधून तो आम्ही एकमताने बाहेर काढला.


पारिजात | ३ ऑगस्ट, रात्री ९.०५

वा! टाचण असंच असतं बाई.


शंकासुर | ४ ऑगस्ट, सकाळी ६.२०

दहावी, विज्ञान भाग २, सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग १, पेशीविभाजन.
१.१५ ते ३.४०.
आधी विचारा: जखम भरते तेव्हा नवी कातडी येते कुठून?
चूक सापडली नाही, दोनदा पाहिला. दुवा व्यक्तिगत निरोपात पाठवलाय.


मधली सुट्टी | ४ ऑगस्ट, सकाळी ६.३५

!!! तुम्ही दहावीला शिकवता??

आवाज कसा आहे, ते राहिलं.


शंकासुर | ४ ऑगस्ट, सकाळी ६.४०

एकवीस वर्षं शिकवतोय. आवाज बंद करून बघा, मागे कोणीतरी लग्नाचा बँड लावलाय.